कडू उरतं, वास उडून जातो : पेल एल चाखण्या-ओतण्याची समीक्षा

(हिंगणा, जि. नागपूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज इथे काही ओतलं जाणार नाही. समोरच्या टेबलावर वाट्या दिसताहेत, त्यांत संत्र्याची साल आहे, धने आहेत, राळ आहे आणि एकीत मेथीची पानं आहेत. तेव्हा मागच्या रांगेत जे फार आशेनं बसलेत, त्यांनी आत्ताच मन घट्ट करावं. (हशा)

विषय आहे पेल एल. म्हणजे फिकट, तांबूस-सोनेरी रंगाची, हॉप्स भरपूर घातलेली, कडू बिअर. तिचीच जरा जास्त कडू आणि जास्त चढी बहीण म्हणजे इंडिया पेल एल, जिला सगळे आयपीए म्हणतात. ही बिअर कशी चाखावी आणि कशी द्यावी, याबद्दल इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलंय. मराठीत बोलणं होतं ते एवढंच : 'फार कडू आहे बुवा, पैसे वाया गेले.' आम्हाला हे वाक्य उडवून लावायचं नाही. ते पुष्कळदा खरं असतं. पण त्यात दोष कोणाचा, हा आजचा प्रश्न आहे. पिणाऱ्याच्या जिभेचा? बनवणाऱ्याचा? की मधल्या प्रवासाचा आणि शेवटी ओतणाऱ्या हाताचा?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हिंगण्यासारख्या ठिकाणी आपण ज्या पेल एलला नावं ठेवतो, ती बहुतेक वेळा पेल एल उरलेलीच नसते. तिच्यातला वास वाटेत उडून गेलेला असतो आणि कडूपणा तेवढा मागे राहिलेला असतो. म्हणून या बिअरची समीक्षा घोटापासून सुरू करून चालत नाही. ती बाटलीवरच्या तारखेपासून सुरू करावी लागते.

ग्लासात नेमकं काय असतं

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, शंकूसारखी, हिरवी. ही वेल भांगेच्या कुळातली आहे, पण तशी नशा तिच्यात नाही. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौलच्या थंड खोऱ्यात लावली जाते. या फुलांत पिवळी, चिकट पूड असते आणि त्या पुडीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, आम्लं. दुसरी, सुगंधी तेलं.

आम्लं उकळल्याशिवाय नीट कडू होत नाहीत. माल्टच्या पाण्यात हॉप्स तासभर उकळले की त्या आम्लांचं रूप बदलतं आणि ती पाण्यात विरघळून कडू लागतात. तेलांचं उलट आहे. ती उकळली की वाफेबरोबर निघून जातात. म्हणून वास हवा असेल तर हॉप्स अगदी शेवटी घालतात, किंवा बिअर थंड झाल्यावर तिच्यात भिजत ठेवतात. आपल्या स्वयंपाकातलं उदाहरण घ्या. आलं चहात उकळतं, पण सांभार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर, ती भाजी उतरवल्यावर वरून पडते. दोघांचं काम वेगळं, वेळही वेगळी.

चांगल्या पेल एलमध्ये हे दोन्ही एकमेकांना धरून असतात. वास पुढे येतो, संत्र्यासारखा, फुलांसारखा, राळेसारखा. मागून माल्टचा भाजल्या पोळीसारखा हलका गोडवा येतो आणि शेवटी कडूपणा येऊन तोंड स्वच्छ करतो. कडूपणा म्हणजे वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम. आधीचं वाक्यच पुसलं गेलं आणि नुसता पूर्णविराम राहिला, तर वाचणारा काय वाचेल?

काही बाटल्यांवर आयबीयू नावाचा आकडा असतो. एक आयबीयू म्हणजे साधारण लिटरला एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. नेहमीच्या लागरमध्ये हा आकडा 10 ते 20 असतो, पेल एलमध्ये 30 ते 50, आयपीएमध्ये 40 ते 70. काही जण हा आकडा मिशीला पीळ दिल्यासारखा मिरवतात. पण हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, जिभेवरचा नाही. कारल्याच्या भाजीत गूळ घातला म्हणून कारल्यातलं कडू द्रव्य कमी होत नाही, जाणवणं कमी होतं. तसंच माल्टचा गोडवा पुरेसा असेल तर 60 आयबीयूची बिअर 40च्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. आकडा वाचून बिअर जोखणं म्हणजे तिखटाचे चमचे मोजून रश्श्याला मार्क देणं.

'इंडिया' या नावाची गोष्ट

आता त्या नावाकडे येऊ. इंडिया पेल एलची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. इंग्लंडहून भारतात बिअर पाठवायची, केपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, बिअर नासायची. मग जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या एका हुशार माणसानं जास्त हॉप्स घालून, जास्त कडक अशी नवी बिअर शोधून काढली आणि ती टिकली.

गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच लेबलांच्या मागे छापली जाते. पण बिअरचा इतिहास तपासणाऱ्यांनी, विशेषतः मार्टिन कॉर्नेल या इंग्रज अभ्यासकानं, तिचे सांधे सैल केले आहेत. जास्त हॉप्सनं बिअर टिकते हे इंग्लंडातल्या बिअरवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. हॉजसनची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेला, बो इथे होती, कंपनीच्या जहाजांना सोयीची. कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा. त्याच्या यशात शोधापेक्षा जागेचा आणि उधारीचा वाटा मोठा होता. शिवाय पेल एलच तेवढी टिकत होती असंही नाही. पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच काळात भारतात येत होती आणि गोऱ्या शिपायांत खपत होती. 1820च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या ऑलसॉपनं हॉजसनच्या धंद्यात हात घातला आणि बर्टनच्या जिप्सममिश्रित पाण्यामुळे कडूपणा अधिक धारदार, कोरडा झाला. 'ईस्ट इंडिया पेल एल' या नावाचा आजवर सापडलेल्या जुन्यात जुन्या छापील उल्लेखांपैकी एक 1829 सालचा आहे आणि तो आहे ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या एका वर्तमानपत्रात. म्हणजे 'इंडिया' हे नाव तेव्हाही एक छाप होतं, माल खपवायचं.

यावर कोणी म्हणेल, मग काय बिघडलं? गोष्ट गोड आहे, राहू द्या की. बिघडतं ते असं. ही गोष्ट आपल्याला दोन खोट्या समजुती देऊन जाते. पहिली, की ही बिअर 'आपल्यासाठी' केली होती. कामठीची छावणी 1821 साली बसली, इथून फार लांब नाही. रेल्वे नागपूरला आली 1867 साली. त्याआधी किनाऱ्यापासून इथवर मालाला बैलगाडीचाच रस्ता. त्या काळी इथे जी काही विलायती बिअर पोचली असेल, ती साहेबाच्या टेबलावर. 'इंडिया' नावात होती, इंडियातला माणूस मात्र ती पिंपं ओढत होता.

दुसरी समजूत जास्त महागात पडते. 'ही बिअर तर उन्हातान्हात टिकायलाच बनवलीय,' असं दुकानदारही मानतो आणि गिऱ्हाईकही. एकोणिसाव्या शतकातली ती बिअर पिंपात मुरायचीच, तिच्याकडून ताज्या फुलांच्या वासाची अपेक्षा नव्हती. आजची पेल एल हे वेगळं प्रकरण आहे. ती अमेरिकेत घडली. 1972 साली कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, 1980 साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडानं त्याच हॉपवर आपली पेल एल उभी केली आणि संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा वास हाच या बिअरचा प्राण ठरला. तो वास टिकाऊ नाही. सगळ्या बिअरांत ही सर्वांत नाजूक म्हणावी अशी बिअर आणि तिच्या अंगावर टिकाऊपणाची दंतकथा चिकटवलेली. हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आपल्या राज्यातही नावांची अशी गंमत आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 साली पुण्यात निघाली, तिचं नाव डूलॅली. हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथल्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघून गोरे शिपाई कंटाळून वेडगळ वागायचे, त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. देवळाली विलायतेला गेली, डूलॅली होऊन पुण्याला परतली. पण आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट ही, की मायक्रोब्रुअरीत बिअर बनते तिथेच नळातून ओतली जाते. मधला प्रवास नाही. पेल एल पहिल्यांदा तिथे प्यालेला माणूस म्हणतो 'वा', आणि तोच प्रकार इथे बाटलीतून घेतला की म्हणतो 'हे काय?' जीभ तीच आहे. मध्ये रस्ता आला.

रस्ता

बिअरच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे : 3, 30, 300. बिअर 32 अंशांना 3 दिवस ठेवली, 22 अंशांना 30 दिवस ठेवली, किंवा 3 अंशांना 300 दिवस ठेवली, तर तिघींचं नुकसान जवळपास सारखं. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा 45च्या पुढे गेला तर आपण बातमीसुद्धा वाचत नाही. पत्र्याच्या गोदामात, बंद ट्रकच्या पोटात काय होत असेल? तिथे 3 दिवसांचाही हिशेब लागत नाही.

मुंबईहून समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, आणि त्याचं नागपूरकडचं टोक आपल्या हिंगण्याजवळ, शिवमडक्याला. ट्रक आता एका दिवसात येतो, म्हणजे रस्ता काही शत्रू राहिला नाही. शत्रू आहे ते थांबणं. गोदामात थांबणं, दुकानाच्या मागच्या खोलीत थांबणं, दुपारच्या उन्हात खोकी उतरवून ठेवणं. दूध, आइस्क्रीम, लस यांच्यासाठी थंड साखळी लागते हे आपल्याला पटलंय. बिअरच्या बाबतीत मात्र समज असा, की प्यायच्या आधी दोन तास फ्रीजमध्ये टाकली की झालं. फ्रीज गरम झालेली बिअर थंड करतो, उडालेला वास परत आणत नाही.

बिघडते म्हणजे नेमकं काय होतं? आधी सालीचा, फुलांचा वास मंदावतो. मग माल्टचा गोडवा जड, काकवीसारखा होतो. मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम. कडूपणाही थोडा उतरतो, पण वासाइतका भराभर नाही, आणि उरतो तो खरखरीत असतो, जिभेच्या मागे चिकटून बसणारा. म्हणूनच लोक म्हणतात, 'नुसती कडू आहे.' त्यांची जीभ अगदी बरोबर सांगत असते.

उन्हाचं आणखी एक. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून गंधकयुक्त द्रव्य तयार होतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत हे फार लवकर होतं, तपकिरी बाटलीत बरंच थोपतं, कॅनमध्ये होतच नाही. तेव्हा काचेच्या दर्शनी कपाटात ट्यूबलाइटखाली ओळीनं मांडलेली बाटली कितीही देखणी दिसली, तरी मागच्या अंधाऱ्या फ्रीजमधली मागून घ्यावी.

'एकदम चिल्ड'

इथवर दोष वाटेचा होता. आता आपल्या हाताचा. आपल्याकडे बिअरची एकच कसोटी आहे : 'चिल्ड आहे का?' वेटर अभिमानानं बर्फानं पांढरा झालेला मग आणतो, काही जण वर बर्फाचे खडेही टाकतात. 45 अंशांतून आत आलेल्या माणसाला ते हवंसं वाटतं, आम्ही समजू शकतो. पण मग पेल एल कशाला घ्यायची? तहान भागवायला पाणी आहे, कोकम आहे, लिंबू सरबत आहे.

शून्याच्या आसपास थंड केलेल्या बिअरचा वास वर येतच नाही, कारण वास म्हणजे वाफ आणि थंडीत वाफ कमी. गोडवाही दबतो. वायूची चुरचुर आणि कडूपणा मात्र पुढे राहतात. म्हणजे गोदामानं जे केलं तेच आपण फ्रीजरनं पुन्हा करतो : वास मारतो, कडू ठेवतो. पेल एलला 7 ते 10 अंश मानवतात. फ्रीजमधून काढून पाच-सात मिनिटं थांबलात की पुरे. नागपूरच्या उन्हाळ्यात तर तेवढंही थांबावं लागत नाही.

इथे नागपूरसाठी वेगळा नियम करावा लागतो. थंड देशातली पुस्तकं सांगतात, मोठा ग्लास भरा, सावकाश प्या. इथे मोठा ग्लास अर्धा होईतो उरलेली बिअर कोमट होते. म्हणून लहान ओता. 150 मिलिलिटर ग्लासात, बाकी कॅन फ्रीजमध्ये. एक कॅन दोघातिघांत वाटला तर उत्तम.

ग्लास स्वच्छ हवा, म्हणजे तेल आणि साबण दोन्ही नसलेला. फेस मोडतो तो या दोघांमुळे. खायच्या सोड्यानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा, फडक्यानं पुसू नका, पालथा घालून वाळू द्या. ओतल्यावर आतल्या कडेला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास मळका आहे असं समजा. ग्लास तिरका धरून सुरुवात, अर्ध्यानंतर सरळ, वर दोन बोटं फेस. 'फेस कमी कर भाऊ, बिअर जास्त भर,' हे आपलं ठरलेलं वाक्य. पैशाच्या दृष्टीनं रास्त आहे. पण या बिअरचा वास फेसातून वर येतो. फेस कापला तर आपणच आपला वाटा कापला.

आणि एक खास विदर्भाची अडचण : कूलर. वाळ्याच्या ताटीवर पाणी पडलं की जो वास सुटतो, तो आम्हालाही प्रिय आहे. पण त्या झोतात बसून हॉप्सचा वास शोधणं म्हणजे वरातीच्या बँडशेजारी सतार ऐकणं. चाखण्यापुरती पाच मिनिटं झोताबाहेर बसा.

आपले शब्द

आता या वाट्यांकडे वळू. बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं : पाइन, ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट. हे शब्द खोटे नाहीत, पण ते ज्या नाकांनी शोधले ती नाकं अमेरिकेच्या वायव्य भागातली होती. इथल्या सागाच्या जंगलात वाढलेल्या माणसाला पाइन कसा आठवेल? मग तो मान डोलावतो, आणि मान डोलावण्यातून समीक्षा होत नाही.

हॉप्सच्या तेलात लिनालूल नावाचं द्रव्य असतं. धन्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य तेच. हे धने चुरडून हुंगा. जिरॅनिऑल असतं, ते आपल्या रानातल्या रोशा गवताच्या तेलात भरपूर असतं. मिरसीन असतं, ते आंब्यातही सापडतं. पाइन म्हणतात त्या जागी राळ ठेवा, धूप घालताना येते ती. आणि सर्वांत जवळचं म्हणजे संत्र्याची साल. ती नाकाजवळ दुमडून दाबा, बारीक तुषार उडतो. हा झाला हॉप्सचा वास. आता सालीच्या आतला पांढरा पापुद्रा चावा. हा झाला कडूपणा. ज्यानं लहानपणी संत्र्याच्या सालीचा तुषार भावंडांच्या डोळ्यांत उडवलाय, त्याला पेल एल समजायला पाइनचं झाड बघायची गरज नाही.

कडूसाठीही आपल्याकडे एकच शब्द नाही. कडसर आहे, कडवट आहे, कडूजहर आहे. तुरट वेगळं आहे, ते जीभ आवळतं. जुनी, खूप वेळ हॉप्समध्ये राहिलेली बिअर पुष्कळदा तुरट झालेली असते आणि आपण तिला कडू म्हणतो. गंमत पाहा, आयुर्वेदाच्या षड्रसांत कटू म्हणजे मिरी-सुंठीचा, आपल्या भाषेत तिखट रस; कडुलिंबाचा तो तिक्त. कटूवरून आलेला आपला कडू शब्द मात्र तिक्ताच्या जागी जाऊन बसला. शब्द जागा बदलतात, म्हणून चाखताना नीट विचारायचं. हे मेथीसारखं कडसर आहे का, जे घासाबरोबर संपतं? कारल्यासारखं, जे राहतं पण हवंसं वाटतं? की काडेचिराइतासारखं, जे औषध म्हणूनच प्यावं? चांगली पेल एल पहिल्या दोघांच्या मधली. तिसऱ्याकडे गेली असेल तर तारीख बघा.

मराठी माणसाला कडू चालत नाही, हे आम्हाला म्हणूनच मान्य नाही. जो समाज वर्षाची सुरुवात कडुलिंबानं करतो, त्याला कडूचं भय कसलं? पण पाडव्याला आपण कडुलिंब नुसता देत नाही. गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ घालून देतो. कडूला सोबत लागते, हे आपल्याला बनवणाऱ्यांच्या आधीपासून माहीत आहे.

सोबतीवरून खाण्याचा एक मुद्दा. सावजीच्या रश्श्याबरोबर ही बिअर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिखटानं पेटलेल्या जिभेवर कडू आणि अल्कोहोल दोन्ही आणखी भडकतात आणि रस्साही वाया जातो, बिअरही. त्यापेक्षा सांभारवडी, मेथीची भजी, खारे दाणे. दाण्यातलं मीठ कडूपणा थोडा खाली आणतं. लिंबू मात्र पिळू नका. लिंबू पिळलं की हॉप्सच्या वासाचं तोंड बंद होतं.

रसिक कोण, दारुडा कोण

शेवटचा मुद्दा, आणि तो टाळून खाली बसणं आम्हाला बरं वाटणार नाही. हिंगणा तालुका संपतो तिथे वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993पासून आहे, तीही लोकांच्या आणि विशेषतः बायकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली, 2021 साली उठली. या सगळ्याच्या मधोमध उभं राहून हॉप्सच्या वासावर तासभर बोलायचं, तर हिशेब प्रामाणिक ठेवावा लागतो.

पहिला हिशेब आकड्यांचा. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य चूक आहे. 6 टक्क्यांच्या आयपीएच्या अर्ध्या लिटरमध्ये 30 मिलिलिटर अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरमध्ये साधारण 26. आणि हॉप्सचा कडूपणा अल्कोहोलची धग झाकतो, म्हणून ती चढतेय हे उशिरा कळतं. दुसरा घोट चवीसाठी असतो, चौथ्या ग्लासाला कोणाचीच जीभ शाबूत नसते. चवीबद्दल बोलायचं असेल तर थोडं पिणं हीच त्याची अट आहे.

दुसरा हिशेब माणसांचा. मोहाच्या फुलांना वास आहे, त्या दारूत कसब आहे, ती चांगली आणि वाईट असते हे गडचिरोलीतला म्हातारा एका घोटात सांगू शकतो. त्याला कोणी समीक्षक म्हणत नाही. साहेबाच्या पेल एलला मेसमध्ये जागा होती आणि मोहावर अबकारी खात्याचा पहारा होता. आजही शहरात पेल एल हुंगणारा रसिक ठरतो आणि गावात मोह पिणारा दारुडा. आम्ही मोहाची जाहिरात करत नाही, बंदी मागणाऱ्या बायांचं दुःखही आम्हाला छोटं वाटत नाही. एवढंच म्हणतो, की रसिकता किमतीवरून ठरवली तर ती समीक्षा नव्हे, तो तोरा झाला.

तेव्हा निकाल असा. या बिअरला बेचव म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. कधी भरली? कुठे आणि कशात ठेवली? किती थंड दिली? ग्लास कसा होता? चारही उत्तरं समाधानकारक असून ती आवडली नाही, तर बिनदिक्कत सांगा, आवडली नाही म्हणून. तो तुमचा हक्क आहे आणि तेव्हाच त्या मताला वजन आहे. उत्तरं समाधानकारक नसतील, तर दुकानदाराला पुन्हा विचारा, बाटली उन्हातून आली का, म्हणून. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या वेळेला फ्रीजमधली निघते. गिऱ्हाइकाची एवढी समीक्षा चालू झाली तरी पुष्कळ झालं.

वाट्या इथेच आहेत. जाताना संत्र्याची साल दाबून बघा, पापुद्रा चावून बघा, दोन्हींत किती अंतर आहे ते पाहा. प्रश्न असतील तर आम्ही थांबलोच आहोत.